एक कमी आहे

गुरुवारची सकाळ, सव्वासात वाजलेले. सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, खाली बाकांवर शेजारीपाजारी आणि शाळेतली मंडळी मिळून वीसेक जण आधीच येऊन बसले होते, तरी प्रार्थनेला सुरुवात होत नव्हती. मधोमध लाकडी कठड्याचा चौथरा आहे, त्याला तेवा म्हणतात. तिथे उभ्या असलेल्या हझानांनी, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्या गृहस्थांनी, सभोवार नजर फिरवली. त्यांचे ओठ हलत होते. माणसांना आकड्यांनी मोजायचे नाही अशी ज्यू रीत आहे, म्हणून दहा शब्दांचे एक वचन म्हणत एकेका माणसावर एकेक शब्द ठेवतात. वचन शेवटच्या शब्दापर्यंत पोहोचले नाही. "एक कमी आहे," ते मराठीत म्हणाले आणि पुस्तक मिटून शांतपणे खाली बसले.

मी वर बायकांच्या सज्जात होते. खाली माझे पती आणि सासरे डोके झाकून नीट बसलेले दिसत होते, पण त्या मोजणीत ते नव्हते. सार्वजनिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा ज्यू पुरुष लागतात. त्याला मिन्यान म्हणतात. दहा नसतील तर तोरा, म्हणजे त्यांचा धर्मग्रंथ, बाहेर काढून वाचता येत नाही. त्या सकाळी नऊ होते, आणि त्या नवांतला एक म्हणजे ज्याच्यासाठी आम्ही सगळे जमलो होतो तो मुलगा. त्याला नुकतेच तेरा पूर्ण झाले होते. दहावा, त्याचा मामा, ठाण्याहून निघाला होता आणि लोकलमध्ये कुठेतरी अडकला होता.

मुलाची आजी माझी मैत्रीण. परळच्या एका शाळेत आम्ही बावीस वर्षे एकाच स्टाफरूममध्ये डबे उघडले. तिचे आडनाव, तिच्या समाजातल्या बहुतेकांसारखेच, कोकणातल्या एका गावावरून आलेले. पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहीमकर ही आडनावे ऐकून कुणाला वाटणार नाही की ही ज्यू माणसे आहेत. समाजाची आख्यायिका अशी की नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि त्यांचा वंश अलिबागच्या परिसरात वाढला. तेलघाणीचा धंदा करायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. स्वतःला ते बेने इस्राएल म्हणवतात, म्हणजे इस्राएलची लेकरे. घरात भाषा मराठीच. सणांची नावेही मराठी: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण. जगातले ज्यू ज्याला पुरीम म्हणतात तो यांचा होळीचा सण, आणि त्या दिवशी माझ्या मैत्रिणीच्या डब्यात पुरणपोळी असायची.

या समारंभाचे, बार मित्झवाचे, आमंत्रण द्यायला ती घरी आली तेव्हा तिने आधी मुलाचे कौतुक सांगितले आणि मग एक कागद पुढे केला. त्यावर येणाऱ्यांची पूर्ण नावे लिहून द्यायची होती. "आणि प्रत्येकाने ओळखपत्र आणायचं गं, मोठी पिशवी नको." २६ नोव्हेंबर २००८ ला कुलाब्याच्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला तेव्हापासून मुंबईतल्या ज्यू प्रार्थनास्थळांबाहेर पोलिसांचा पहारा असतो. दारातल्या त्या तपासणीने काहींना अवघडल्यासारखे होते. आपण लग्नाला निघालोय आणि कुणी आधार कार्ड मागते, हे मनाला पटकन रुचत नाही. पण त्या घरच्या माणसांना रोजच हे करून प्रार्थनेला जावे लागते. हसतमुखाने कार्ड काढून दाखवणे हे पाहुण्याचे पहिले काम. दुसरे, दाराचे, गल्लीचे, पहाऱ्याचे फोटो काढून ते लोकांत पाठवू नयेत. मीही इथे त्या जागेचे नाव लिहिलेले नाही. मैत्रिणीने तशी विनंती केली होती.

एवढे सांगते की ती मध्य मुंबईत आहे. सात रस्त्यापासून आग्रीपाडा, भायखळा, उमरखाडीपर्यंतच्या पट्ट्यात बेने इस्राएलांची वस्ती एके काळी दाट होती. त्यांची सगळ्यात जुनी प्रार्थनाशाळा त्याच्याही पलीकडे मांडवीला, शाआर हारहामीम, १७९६ सालची. सॅम्युएल दिवेकर नावाच्या कंपनी सरकारच्या फौजेतल्या अधिकाऱ्याने ती बांधली. टिपूच्या कैदेतून सुटका झाल्याच्या कृतज्ञतेने बांधली असे सांगतात. जुनी माणसे सिनेगॉगला मशीदच म्हणत, आणि मस्जिद स्टेशनच्या नावामागे ही जुनी मशीद आहे असे मी मैत्रिणीकडून कितीदा तरी ऐकले आहे. तिच्या लहानपणी त्यांच्या चाळीच्या एका मजल्यावर सहा घरे बेने इस्राएलांची होती. आता एक आहे. १९४८ नंतर घरामागून घर इस्राएलला गेले. १९५१ च्या जनगणनेत देशात सव्वीस हजारांहून अधिक ज्यू होते, २०११ च्या जनगणनेत साडेचार हजारांच्या आसपास उरले. हे आकडे मी पूर्वी वाचले होते. "एक कमी आहे" हे शब्द कानावर पडले तेव्हा ते मला खरे कळले.

शनिवार हा त्यांचा शब्बाथ. त्या दिवशी तोरा वाचतातच, पण सोमवारी आणि गुरुवारी सकाळीही वाचतात. घरच्यांनी गुरुवार मुद्दाम निवडला होता. शब्बाथला वाहनात बसायचे नाही, फोन उघडायचा नाही, लिहायचे नाही, पैसे हाताळायचे नाहीत. ठाण्याचा मामा, पनवेलची आत्या यांनी यायचे कसे? आणि आणखी एक कारण होते. कातडी पट्ट्यांचे तेफिल्लीन शब्बाथला बांधत नाहीत, आणि आजोबांना नातवाच्या हाताला ते बांधलेले पाहायचे होते. तुम्हाला शनिवारचे बोलावणे आले तर मात्र फोन घरीच ठेवून जावे हे बरे. गुरुवारीही आम्ही फोटो काढायचा तो यजमानांना विचारूनच, असे ठरले होते. प्रत्यक्षात आजीने नेमलेला एकच माणूस कॅमेरा घेऊन भिंतीला टेकून उभा राहिला आणि बाकी सगळ्यांचे हात मोकळे राहिले. हे मला फार आवडले.

कपड्यांबद्दल मी विचारले होते. खांदे आणि दंड झाकलेले असावेत, एवढेच. साडी उत्तम. "कुंकू लावलं तर चालेल ना?" "अगं, लाव की! तू तूच म्हणून ये." पुरुषांनी डोके झाकायचे. दाराशी टोपलीत छोट्या गोल टोप्या ठेवलेल्या असतात, त्या पाहुण्यांसाठीच. रुमाल बांधला तरी चालतो. माझे सासरे लालबागच्या गिरणीत आयुष्य काढलेले; त्यांनी फोन घेऊन स्वतः विचारले, "बाळ, माझी पांढरी टोपी चालेल का?" "काका, तुमचीच घाला," ती म्हणाली. पण दारालगतच्या खुंट्यांवर पांढऱ्या शालीही टांगलेल्या असतात, त्या तालिथ. चार कोपऱ्यांना गाठी मारलेले गोंडे, त्यांना सिसिथ म्हणतात. आदर दाखवायचा म्हणून पाहुण्याने ती शाल घ्यायची नाही. ज्यांच्यावर तोरातल्या आज्ञांचे बंधन आहे त्यांचीच ती. आम्हाला एवढेच सांगितले होते: टोपी सगळ्यांची, शाल आमची.

नारळ, हार, पेढे नेऊ नयेत हेही मैत्रिणीने न संकोचता सांगितले. तिच्या घरी खाण्याचे नियम काटेकोर आहेत. मांस आणि दूध एका जेवणात येत नाही, म्हणून त्यांच्या सागुतीत आणि हलव्यातही नारळाचे दूध असते. बाहेरचा खाऊ कशात बनला, कुणासोबत शिजला याची खात्री नसते. प्रेमाने नेलेला पेढ्यांचा पुडा यजमानाला कोपऱ्यात ठेवून द्यावा लागतो आणि दोघांनाही वाईट वाटते.

तर आम्ही दहाव्याची वाट पाहत होतो. कुणी घड्याळ पाहत नव्हते, कुणी चुळबुळ करत नव्हते. तेवढ्या वेळात मुलगा आजोबांसमोर उभा राहिला आणि त्याने डाव्या हाताने उजव्या बाहीची घडी वर सारली. वरून मला स्पष्ट दिसत होते. तेफिल्लीन म्हणजे काळ्या चामड्याच्या दोन छोट्या घनाकृती पेट्या, आत चर्मपत्रावर हाताने लिहिलेली वचने. एक दंडावर, हृदयाच्या बाजूला किंचित कललेली, एक कपाळाच्या वर, केसांच्या सीमेवर. हाताची पेटी कमी वापराच्या हाताला बांधतात, म्हणजे बहुतेकांच्या डाव्या. हा मुलगा डावखुरा आहे; चाळीच्या अंगणात त्याची डावखुरी गोलंदाजी मी पाहिलेली आहे. म्हणून त्याच्या उजव्या हाताला. आजोबांनी फक्त पट्टा ताणून धरला. आशीर्वचन त्यानेच म्हटले, दंडावरचा फास त्यानेच आवळला, कोपराखाली पट्ट्याचे सात वेढे त्यानेच घेतले. पाचव्या वेढ्याला पट्टा पिळला गेला, तर आजोबांनी बोट लावून काळी बाजू वर केली आणि हात मागे घेतला. मग कपाळावरची पेटी, मग उरलेला पट्टा मधल्या बोटाला. सगळे होईपर्यंत आजोबा श्वास रोखल्यासारखे उभे होते.

मामा धापा टाकत आला. भायखळ्याला उतरून चालत, जवळजवळ पळतच आला असावा. कुणी काही बोलले नाही. हझान उठले, पुस्तके उघडली.

ही पुस्तके उजवीकडून उघडतात. माझ्या हातातल्या पुस्तकात हिब्रूखाली देवनागरीत उच्चार होते. समजले नाही तरी बोट धरून चालता येते, आणि शेजारीण मधूनमधून पान दाखवते. पुस्तक जमिनीवर ठेवायचे नाही. पडले तर उचलून ओठांना लावतात, आपण सरस्वतीला पाय लागला की हात लावतो तसे. सगळे उठले की उठायचे, बसले की बसायचे. गुडघे टेकण्याचा किंवा काही म्हणण्याचा प्रश्नच येत नाही. आमेन म्हणावेसे वाटले तर म्हणावे.

एका ठिकाणी मी चुकले. सगळे उभे राहिले, पश्चिमेकडे तोंड केले, पाय जुळवले आणि एकदम शांतता पसरली. मुंबईहून जेरुसलेम पश्चिमेला, म्हणून सगळ्यांची तोंडे त्या भिंतीकडे. मला वाटले, एक भाग संपला. मी शेजारच्या मावशींना हळूच विचारले, "आता वाचन का?" त्यांनी मान वळवली नाही. डोळे मिटलेले, ओठ तेवढे हलत होते. ती अमीदा, उभ्याने मनातल्या मनात म्हणायची प्रार्थना, सकाळच्या उपासनेचा गाभा. त्या वेळी बोलायचे नाही, कुणाच्या समोरून जायचे नाही, उशिरा आलेल्याने दारातच थांबायचे. मावशी तीन पावले मागे सरल्या, वाकल्या, पुन्हा तीन पावले पुढे आल्या, आणि मग माझा हात दाबून म्हणाल्या, "आता वाचन." माझ्या चुकीचा उल्लेखही केला नाही. आपल्याकडच्या समारंभात गप्पा हा आनंदाचाच भाग असतो. दादरच्या कार्यालयातल्या मुंजीत मंगलाष्टके चालू असताना आपण मागच्या खुर्च्यांवर कुणाच्या बदलीची चौकशी करतो आणि मुंजमुलाला त्याचे काही वाटत नाही. इथे पाहुण्याचे मुख्य काम गप्प राहणे आहे आणि ते मला अवघड गेले, हे खरे.

पश्चिमेच्या भिंतीतले हेखाल, म्हणजे तोरा ठेवण्याचे कपाट, उघडले तेव्हा कुणी न सांगता सगळे उभे राहिले. ते उघडे असताना बसायचे नाही, बाहेर जायचे नाही. आतून सेफेर तोरा, म्हणजे तोराची गुंडाळी, निघाला, उभ्या नक्षीदार पेटीत, वर चांदीचे घुंगुर. तो बाकांमधून तेवाकडे नेताना पुरुष हातातला सिसिथ पेटीला लावून ओठांना नेत होते. सज्जातल्या बायका दुरूनच बोटे त्या दिशेने करून ओठांना लावत होत्या. माझे सासरे हात जोडून उभे राहिले. कुणी त्यांना थांबवले नाही, आणि त्यांनीही पुढे होऊन हात लावला नाही.

आता त्या मुलाच्या कामाबद्दल सांगायला हवे, कारण ते काम कळल्याशिवाय पाहुण्याने शांत का राहायचे हे कळत नाही. तोराची गुंडाळी हाताने लिहिलेली असते आणि तिच्यात फक्त व्यंजने असतात. स्वरचिन्हे नाहीत, विरामचिन्हे नाहीत, चालीच्या खुणा नाहीत. समजा आपल्यापुढे नुसते क आणि ळ लिहिले आहेत. ते कळ आहे, की काळ, की कळी, केळी, कोळी? संदर्भ ठाऊक असेल तरच वाचता येईल. त्या मुलाने आठ महिने छापील पुस्तकातून, स्वरांसह, चालीसह प्रत्येक शब्द पाठ केला होता. हझानांनी फोनवर आवाज भरून दिला होता, तो ऐकत तो शाळेच्या बसमध्ये बसायचा. त्यात वय तेरा. आवाज फुटण्याचे दिवस. मार्चमध्ये जी चाल सहज जमत होती ती जूनमध्ये वरच्या स्वराला चिरकायला लागली, तेव्हा हझानांनी सगळी पट्टी खाली उतरवून पुन्हा सुरुवात केली.

त्याला नावाने पुकारले, बापाच्या नावासकट, हिब्रूत. तेवाच्या पायऱ्या चढताना त्याने एकदा वर सज्जाकडे पाहिले. चर्मपत्राला बोट लावायचे नसते, म्हणून टोकाला छोटा हात असलेली चांदीची काडी धरून वाचतात. गुरुवारचे वाचन लहान, निदान दहा ओळींचे, येत्या शब्बाथच्या अध्यायाच्या सुरुवातीचे. ऐकताना ते लहान वाटत नाही. तिसऱ्या ओळीत त्याने एका शब्दाचा स्वर चुकवला आणि त्याच क्षणी तीन बाजूंनी तीन पुरुषांनी तो शब्द मोठ्याने दुरुस्त केला. माझ्या पोटात खड्डा पडला. एवढ्या लोकांत, एवढ्या मोठ्याने! मुलगा थांबला, शब्द नीट म्हटला, पुढे गेला. मावशी कुजबुजल्या, "चूक तशीच ठेवायची नसते. मोठ्या माणसाची पण दुरुस्त करतात." मला मग उमगले की त्या माणसांनी त्याला लहान मूल म्हणून सोडून दिले नाही. अशा वेळी पाहुण्यांनी चुकचुकायचे नाही, धीर द्यायला हसायचे नाही, शेवटी टाळ्याही वाजवायच्या नाहीत. त्याला हवे असलेले लक्ष द्यायचे, बस. शाळेत पस्तीस वर्षे मुलांचे पाठांतर ऐकले, पण इतके कान देऊन मी क्वचितच कुणाला ऐकले असेन. सातव्या ओळीपासून आवाज स्थिर झाला. चिरकला एकदाच, शेवटच्या आशीर्वचनात.

त्यानंतर बापाने एक छोटे वाक्य म्हटले. त्याचा अर्थ, या मुलाच्या कर्माच्या जबाबदारीतून मला मोकळे केल्याबद्दल देवाचे आभार. आतापर्यंत मुलाचे पाप बापाच्या खाती, यापुढे ज्याचे त्याच्या. बार मित्झवा याचा अर्थच आज्ञेचा पुत्र. मुलींना हे वय बाराव्या वर्षीच येते. ते वाक्य बाप जवळजवळ पुटपुटला. आईने माझ्या पुढच्या बाकावर पदर डोळ्यांना लावला.

आणि मग सज्जातून गोळ्या! आम्हाला आधीच मऊ गोळ्यांच्या पुड्या वाटल्या होत्या आणि बजावले होते, वाचन पूर्ण झाल्यावरच, हळू, तोंडावर नाही. अक्षतांची सवय असलेल्या हातांना हे शिकवावे लागत नाही. खाली लहान पोरे बाकांखाली शिरली. सासऱ्यांच्या टोपीवर एक गोळी अडकली ती तशीच राहिली.

उपासना संपताना जे झाले त्याबद्दल मला कुणी आधी सांगितले नव्हते. मावशींनी दोन्ही हात माझ्यापुढे केले, तळवे सरळ, अंगठे वर. मी गोंधळले. त्यांनी माझे हात आपल्या हातांत धरले, सोडले आणि स्वतःची बोटे ओठांना लावली. मीही तसेच केले. मग पुढच्या बाकावरची आई, मग एक म्हातारी, मग एक लहान मुलगी. याला हातबोशी म्हणतात. खाली पाहिले तर मामा सासऱ्यांचे हात धरून उभा होता.

संध्याकाळी घरी मलिदा होता. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची, वर सुकामेवा, भोवती पाच तऱ्हेची फळे. एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या, नावाने आभार मानायचा हा बेने इस्राएलांचा स्वतःचा विधी आहे. ताट समोर आले तरी आशीर्वचने होईपर्यंत हात घालायचा नाही. झाडाच्या फळाचे वेगळे, जमिनीतल्या पिकाचे वेगळे. आहेराचे पाकीट मी तेव्हा दिले, सिनेगॉगमध्ये नाही. त्यात किती घालायचे हे मैत्रिणीने सांगायला नकार दिला, पण तिच्या सुनेने हळूच सांगितले की हिब्रूत अक्षरांना अंकांची किंमत असते आणि जीवन या शब्दाची बेरीज अठरा होते, म्हणून ज्यू लोकांत अठराच्या पटीत देणे शुभ मानतात. आपण एकावन्न, एकशे एक देतो. मी पाचशे चाळीस घातले.

पुढच्या सोमवारी सकाळी मैत्रिणीला सहज फोन केला. पावणेसात झाले असतील. ती घाईत होती. "अगं, नंतर बोलू. हझानांचा फोन आला होता, एक कमी आहे म्हणून. त्याला उठवलंय, तोंड धुतोय. शाळेचं दप्तर घेऊनच जाईल."